नवा सिंथेसायझर : आताच घ्यावा की थांबावे?

तुळशीचे लग्न उरकले की लग्नसराई सुरू होते. मोहोळसारख्या गावातून आसपासच्या खेड्यांत सुपाऱ्या घेणाऱ्या बँड आणि बँजो पार्टीच्या मालकांपुढे अशा वेळी एक प्रश्न हमखास उभा राहतो. बाजारात नवा सिंथेसायझर आला आहे, तो आताच घ्यावा की एक हंगाम थांबावे? वाद्य वाजवणे कितपत योग्य, हा उलेमांचा विषय आहे. आम्ही येथे फक्त धंद्याचा हिशेब मांडतो.

पहिल्या मालाची जोखीम

नवे मॉडेल म्हणजे निर्दोष मॉडेल नव्हे. अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीने १९७८ साली 'प्रॉफेट-५' बाजारात आणला. पहिल्या आवृत्त्या वारंवार बिघडत. १९८० साली आतील चिप बदलून तिसरी आवृत्ती आली, तेव्हा कुठे भरवसा वाढला. जे दोन वर्षे थांबले, त्यांना चांगला माल मिळाला.

पण थांबणे नेहमीच फायद्याचे असते असे नाही. जपानच्या कॉर्ग कंपनीचा 'एम-१' १९८८ साली आला आणि १९९५ पर्यंत तयार होत राहिला. पहिल्याच वर्षी घेणाऱ्याने सात वर्षे चालू मॉडेलवर कमाई केली. 'आणखी चांगले येईल' म्हणून थांबलेल्यांचे तेवढे हंगाम वाया गेले.

हिशेब सुपारीचा

म्हणून आमचे म्हणणे असे, की जाहिरात बाजूला ठेवून वही उघडावी. समजा, वाद्य ६० हजारांचे आहे आणि त्याच्यामुळे प्रत्येक सुपारीमागे एक हजार रुपये जादा मिळतात. मग ६० सुपाऱ्यांनंतर पैसे वसूल होतील. हंगामात ४० सुपाऱ्या असतील तर दीड हंगाम लागेल. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्ने थांबतात, हेही हिशेबात धरावे. नव्या आवाजामुळे सुपारीचा दर वाढणारच नसेल, तर ती खरेदी धंद्याची नव्हे, हौसेची आहे.

जुने वाद्य ऐन वरातीत बंद पडत असेल, तर मात्र थांबू नये. मोडलेली एक सुपारी पुढच्या चार सुपाऱ्या घेऊन जाते. अशा वेळी आधीचे मॉडेल पाहावे. नवे आले की जुन्याचा भाव उतरतो आणि त्याचे दोषही तोवर कळलेले असतात.

'बिनव्याजी' हप्त्याची पारख

आपल्यापैकी पुष्कळजण व्याज टाळतात आणि म्हणून 'शून्य टक्के' हप्त्याकडे वळतात. परंतु अशा योजनांत व्याज अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली दडवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. दुकानदाराला रोख भाव आणि हप्त्यांची एकूण रक्कम दोन्ही कागदावर लिहून मागावी. फरक दिसला, तर तो कशाचा हे विचारावे. रोखीने घेताना मिळणारी सूट हप्त्यात मिळत नसेल, तर तीही फरकातच धरावी.

घेण्यापूर्वी

दुरुस्ती सोलापुरात होते की पुण्याला पाठवावी लागते, याची चौकशी करावी. ऐन सराईत वाद्य पंधरा दिवस अडकले तर नफा तेथेच संपला. ढोलक-तबल्याचे ठेके आणि आपल्याकडची चाल त्यात नीट बसते का, हे आपल्या वादकाला सोबत नेऊन ऐकावे. 'मिडी'ची सोय आहे का तेही पाहावे. १९८३ साली ठरलेल्या या पद्धतीमुळे निरनिराळ्या कंपन्यांची नवी-जुनी वाद्ये एकमेकांना जोडता येतात. म्हणजे घरातला जुना की-बोर्ड लगेच मोडीत काढावा लागत नाही.

इतके करूनही मन निश्चित होत नसेल, तर तेच मॉडेल भाड्याने मिळवून दोन लग्ने वाजवून पाहावीत. भाड्याचे पैसे जातील, पण घरची पुंजी अडकण्यापूर्वी निर्णय हाती येईल.