तगरची मलमल आणि आमचे आडनाव

दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा आमच्या मोठ्या मुलाने घरात एक विषय काढला. फॉर्मवर जे नाव जाईल तेच पुढे सगळ्या कागदपत्रांवर राहणार, म्हणून आडनाव आत्ताच बदलून घ्या. ‘पिंजारी’ नको, ‘मन्सुरी’ करा. वर्गातली मुले त्याला ‘गादीवाला’ म्हणून हाक मारतात, हेही त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितले.

ह्यांचे गाद्यांचे छोटे दुकान आहे. कापूस पिंजायला आता मशीन आहे. मुलाचे बोलणे ऐकून हे गप्प झाले. माझे सासरे दारात तसबीह घेऊन बसले होते. त्यांनी उभे आयुष्य खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव कापूस पिंजला आहे. ते रागावतील असे मला वाटले होते. ते शांतपणे म्हणाले, “नाम बदलताय तो बदल बेटा, पन मतलब पूछ के बदल.”

त्याच आठवड्यात दिवाळीची सुट्टी लागली. मुलांना नळदुर्गला जायचे होते. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल त्यांना पाहायचा होता. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते आणि माणूस आत महालात कोरडा उभा राहतो. ते पाहण्यासारखेच आहे. पण अब्बा म्हणाले, “नळदुर्ग पुढच्या पावसाळ्यात. या वेळी तेरला चला.”

“तेरमध्ये काय आहे? मातीच तर आहे,” मुलगा म्हणाला.

“हां, मिट्टीच है,” अब्बा म्हणाले आणि हसले.

धाराशिवहून तेर वीसेक किलोमीटर. आम्ही सकाळी एसटीने निघालो. डब्यात ज्वारीच्या भाकरी, खिमा आणि शेंगदाण्याची चटणी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी उरकलेली रिकामी राने होती, अधूनमधून एखादे कापसाचे रान पांढरे दिसत होते. अब्बा खिडकीतून एकेका फाट्याकडे बोट दाखवत होते. “इस गाँव में आठ दिन रुकता था. इस गाँव में रोटी मिलती थी, पैसे बाद में.” थंडी पडायच्या आधी लोकांना गाद्या-उशा नव्याने भरून हव्या असत. तोच त्यांचा हंगाम. बारा वर्षांच्या आमच्या मुलीने विचारले, “दादा, तुम्ही चालत यायचे?” तेव्हा ते म्हणाले, “गाड़ी को पैसे देता तो घर क्या लाता?”

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. आज शांत, साधे. पण दोन हजार वर्षांपूर्वी याच गावाचे नाव समुद्रापार माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्या व्यापाऱ्याने दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावे दिली आहेत, पैठण आणि तगर. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, अवघड वाटांनी भडोचला जात असे आणि तिथून जहाजांत चढत असे. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली मांडले आणि पुढे ते सर्वमान्य झाले.

आम्ही आधी रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेलो. लामतुरे हे याच गावचे. शेतात नांगराला लागलेल्या, पावसाने पांढरीच्या टेकाडांवरून धुऊन आलेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. दुसऱ्या कुणी खापर म्हणून फेकून दिले असते, ते त्यांनी जपले. आज त्यांच्याच नावाने हे सरकारी संग्रहालय आहे. काचेच्या कपाटांत सातवाहनांची नाणी, रंगीत दगडांचे मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीची खेळणी आणि मूर्ती. मुलगी बांगड्यांसमोरून हलेना. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची गोष्ट मी मुलांना सांगितली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेई शहराच्या अवशेषांत मिळाली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. म्हणजे त्याच्या आधीच आपल्या दख्खनच्या बाजूची कारागिरी तिथे पोहोचली होती.

मुलगा सगळी कपाटे बघून परत आला आणि म्हणाला, “अम्मी, मलमल कुठे आहे? ज्यासाठी गाव प्रसिद्ध होते, ते कापडच नाही.”

मी काही बोलायच्या आत अब्बा म्हणाले, “कपास टिकती नहीं बेटा. मिट्टी टिकती है.”

खरेच होते. मणी राहिले, बांगड्या राहिल्या, खापरे राहिली. ज्या मलमलीने या गावाचे नाव दूर देशी नेले, तिचा एक धागाही आम्हाला तिथे दिसला नाही. कापूस वेचणारे, सरकी काढणारे, पिंजणारे, सूत काढणारे, विणणारे, शेकडो हात होते ते. त्यांच्यामागे उरली ती एका परक्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलेली ओळ. त्याने ती लिहिली नसती तर तेवढेही उरले नसते. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

गावात त्रिविक्रमाचे जुने विटांचे मंदिर आहे. ते आम्ही बाहेरून पाहिले. त्याची मागची भिंत अर्धगोल आहे, कारण मुळात तो बौद्ध चैत्य होता आणि पुढे त्याचे मंदिर झाले, असे अभ्यासक सांगतात. तेरच्या जुन्या विटेची ख्याती अशी की ती पाण्यावर तरंगते. मुलांना ते पटेना. त्याचे उत्तर पुढच्या ठिकाणी मिळाले.

तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. गावातल्या एका कुंभाराच्या घरी आम्ही गेलो. अंगणात पणत्या वाळत होत्या, एका बाजूला माठ उपडे घातलेले. चाक आता विजेवर चालते, बाकी सगळे जुनेच. चाळलेली माती, तिच्यात राख आणि लीद, मग पायांनी मळणे. मुलीने विचारले, “काका, घाण का मिसळता?” ते हसून म्हणाले, “पोरी, भट्टीत ते जळून जातं आन्‌ बारीक बारीक भोकं राहत्यात. म्हणून तर माठातलं पाणी झिरपून गार होतं.” मुलाच्या लक्षात आले. “म्हणजे विटेत भुसा घातला तर तोही जळून वीट हलकी होईल!” काका म्हणाले, “आता बोललास.”

त्यांनी मुलीला चाकावर हात लावू दिला. तिची पणती वाकडी झाली. मुलाची तर मधूनच फाटली. काकांनी तोच गोळा पुन्हा चाकावर ठेवला, दोन अंगठे आत घातले आणि अर्ध्या मिनिटात गाडगे उभे केले. दोऱ्याने कापून अलगद उचलले. मुलगा त्यांच्या अंगठ्यांकडे बघत राहिला.

“कुठले पाव्हणे? आडनाव काय?” काकांनी विचारले.

मुलाने माझ्याकडे पाहिले. अब्बांनी उत्तर दिले, “पिंजारी. धाराशिवचे.”

काकांचे हात थांबले. “धनुकली हाय का अजून?”

“आहे. माळ्यावर. तात तुटली.”

“लई दिवस झाले तो आवाज ऐकून. आमची आई म्हणायची, पिंजारी आला की थंडी आली.” मग ते स्वतःच्या घराबद्दल बोलू लागले. एक मुलगा पुण्यात कंपनीत आहे, दुसऱ्याला या मातीत हात घालायचा नाही. “त्याचं बी चुकत नाही. पण कुंभार हाय म्हणून सांगायला लाजतो, ते मनाला लागतं.” अब्बा ऐकत होते. दोघा म्हाताऱ्यांनी आमच्या पोराकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि बरेच केले.

जोहरची नमाज गावातल्या मशिदीत झाली. नदीकाठी झाडाखाली डबा उघडला. तिथे मुलीने विचारले आणि अब्बांनी पिंजण्याचे काम समजावून सांगितले. सरकी काढली तरी रुईत गाठी असतात, कचरा असतो, तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. पुरुषभर लांबीची धनुकली दोरीने टांगायची, तिची ताणलेली तात रुईत धरायची आणि लाकडी ठोकळ्याने छेडायची. तात थरथरते, तंतू सुटे होतात, कचरा खाली पडतो आणि रुई ढगासारखी फुगते. सूत काढायचे असेल तर तिचे पेळू वळायचे. पिंजण नीट झाली नाही तर सूत कुठे जाड, कुठे बारीक निघते आणि विणताना तुटते. हत्यार कोणतेही असो, आधी कुणीतरी कापूस मोकळा केल्याशिवाय मलमल होत नाही.

“म्हणजे तगरमध्येही पिंजारी होते?” मुलगी म्हणाली.

“काम तो था. नाम अल्लाह को मालूम.”

अब्बांना बोलताना खोकला येत होता. तोही याच कामाचा. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत बसली. म्हणून हे दुकानात तोंडाला मास्क बांधूनच मशीनवर बसतात. मुलाने पुन्हा धनुकली घ्यावी, असे आमच्या घरात कुणालाही वाटत नाही. त्याने शिकावे, मोठे व्हावे. फक्त आजोबांचे नाव लपवत मोठे होऊ नये, एवढेच.

परतीच्या एसटीत मुलाने स्वतःहून विचारले, “अम्मी, मन्सुरीचा मतलब काय?”

मी त्याचीच वाट बघत होते. नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेले सूफी मन्सूर हल्लाज यांच्या नावावरून आपल्या बिरादरीतले लोक मन्सुरी म्हणवतात. आणि अरबीत ‘हल्लाज’ म्हणजे कापूस पिंजणारा. काही घरे नद्दाफ लावतात, त्याचा अर्थही पिंजणाराच. मराठीत पिंजारी. तिन्ही नावे एकाच कामाची आहेत.

“मग बदलून काय उपयोग?” तो म्हणाला.

“उपयोग नाही असे नाही. कुणी मन्सुरी लावले तर तेही चांगलेच नाव आहे. पण लपण्यासाठी घेशील तर ते तुला लपवणार नाही.”

मग मी त्याला इतर नावे सांगितली. खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. अत्तार म्हणजे अत्तर आणि औषधे विकणारा. हनफी फिकहचे मोठे विद्वान इमाम खस्साफ जोडे शिवून पोट भरत, आणि त्यांचे नावच ‘जोडे शिवणारा’ असे आहे. किताबे लिहिली, पण आपल्या धंद्याचे नाव पुसले नाही. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि त्यांना चिलखते बनवायला शिकवले, हे कुरआनात आहे. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करत, हे हदीसमध्ये आहे. आपले प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम स्वतःचे जोडे स्वतः सांधत. हाताच्या कमाईचा मान आपल्या दीनने केवढा ठेवला आहे! ‘गादीवाला’ म्हणून हसणारी मुलेही रात्री गादीवरच झोपतात, हे मुलीने मध्येच सांगितले आणि सगळे हसलो.

कुरआनात जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहायला वारंवार सांगितले आहे. आपण ते दूरच्या देशांबद्दल वाचतो. पण आपल्या जिल्ह्यातही उलथलेली शहरे आहेत. तगरचे तेर झाले. आमच्या जिल्ह्याने उस्मानाबाद आणि धाराशिव ही दोन्ही नावे पाहिली. नावे बदलत आली आहेत आणि बदलतील. आडनाव बदलावे की ठेवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जिथे हातांनी केलेली वस्तू टिकत नाही, तिथे कधी कधी त्या कामाची आठवण फक्त नावातच राहते. तगरच्या पिंजणाऱ्यांचे तेवढेही राहिले नाही. आमच्याकडे ते आहे.

वाचक भगिनींनो, सुट्टीत मुलांना लांब नेता आले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. जवळचे एखादे जुने ठिकाण आणि एखाद्या कारागिराचे घर निवडा. कारागिराकडून निघताना एखादी वस्तू विकत घ्या, घासाघीस न करता. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. त्यांनी आयुष्यभर काय केले, ते मुलांना घरात बसून कळत नाही.

आम्ही तेरहून एक माठ आणि वाकडी पणती आणली. दुसऱ्या दिवशी मुलाने माळ्यावरून धनुकली खाली काढली, धूळ पुसली आणि नवी तात कुठे मिळेल ते दादांना विचारले. सुट्टी संपल्यावर शाळेत फॉर्म भरून आला. जेवताना ह्यांनी जरा भीतभीतच विचारले, “आडनाव काय लिहिलेस?”

“पिंजारी,” तो म्हणाला, आणि दादांकडे बघून, “मतलब पूछ लिया.”