विजेची गाडी, लेखांक ६ : दशांश सेकंदाला पस्तीस हजार

बीवायडी सीलच्या सगळ्यांत महागड्या प्रकाराच्या डिकीवर एक आकडा ठोकलेला असतो: ‘३.८ एस’. थांबलेल्या गाडीला ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला लागणारे हे सेकंद. मागून येणाऱ्याने वाचावा म्हणून तो लावलाय, आणि मागच्याला तो नीट वाचता येऊ नये इतक्या चटकन गाडी निघून जावी, हीही त्यामागची हौस.

मागच्या लेखांकात बॅटरीच्या रसायनांची ओळख झाली. त्यातलंच लिथियम आयर्न फॉस्फेट एका दमदार सेडानमध्ये काय करून दाखवतं, ते यावेळी पाहायचंय. शेन्झेनच्या बीवायडीने सील भारतात आणली मार्च २०२४ मध्ये, तीन प्रकारांत. तेव्हाचे एक्स-शोरूम भाव असे: डायनॅमिक ४१ लाख, प्रीमियम ४५ लाख ५५ हजार, परफॉर्मन्स ५३ लाख. डायनॅमिकची बॅटरी ६१.४४ किलोवॅट-तासांची, बाकी दोघींची ८२.५६ची. घरच्या मीटरच्या हिशोबात साडेब्याऐंशी युनिटं. प्रीमियममध्ये मागच्या चाकांना एकच मोटर, ३१३ पीएसची. परफॉर्मन्समध्ये पुढेही एक मोटर बसते आणि मिळून ताकद होते ५३० पीएस. प्रीमियमला शंभर गाठायला ५.९ सेकंद पुरतात.

म्हणजे ७ लाख ४५ हजार रुपये जास्त मोजले की २.१ सेकंद वाचतात. एका दशांश सेकंदाचा भाव पडला साडेपस्तीस हजार.

या पैशांत मिळतं काय, तर पाठीवर बसणारा धक्का. ३.८ सेकंदांत शंभर म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ पाऊणपट जोर. मागे बसलेल्याच्या मांडीवरची पिशवी थेट पोटात रुतते, आणि तीही इंजिनाच्या गुरगुरीची आगाऊ सूचना न देता. विजेच्या मोटरला गिअर बदलायचे नसतात, आवर्तनं वाढण्याची वाट पाहायची नसते. सगळा जोर पहिल्या क्षणापासून हजर. गंमत आहेच. पण प्रीमियमचे ५.९ सेकंद काही बैलगाडीचे नव्हेत. वीस वर्षांपूर्वी पोर्शेच्या साध्या बॉक्स्टरलाही शंभर गाठायला याहून जास्त वेळ लागायचा.

असं पळवलं की बॅटरी झटक्यात उतरते, असा सर्वसाधारण समज. गणित मात्र वेगळं सांगतं. परफॉर्मन्सचं वजन २,१८५ किलो; त्यात चालक धरून तिला शून्यावरून शंभरावर न्यायला लागणारी गतिज ऊर्जा भरते जेमतेम पाव युनिट. मोटर आणि टायरमध्ये थोडी वाया जाते ती वेगळी, पण ब्रेक लावताना त्यातली काही परतही मिळते. सिग्नलवरच्या मस्तीने रेंज फारशी बुडत नाही. ती बुडते हायवेवर, सलग वेगाने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० चे १२० केले की हा विरोध ४४ टक्क्यांनी चढतो. सीलचा हवारोध गुणांक ०.२१९, म्हणजे फारच कमी, तरी या नियमातून तिचीही सुटका नाही.

आता कागदावरची रेंज. प्रीमियमला ६५० किलोमीटर, परफॉर्मन्सला ५८०. हे आकडे एनईडीसी नावाच्या जुन्या युरोपीय चाचणीचे. ही चाचणी वीस मिनिटांची, अकरा किलोमीटरची, आणि तिचा सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या घरात. युरोपने २०१७ पासून ती मोडीत काढायला घेतली आणि डब्ल्यूएलटीपी ही जास्त कडक चाचणी आणली. तिथे याच गाड्या ५७० आणि ५२० वर येतात. आपल्याकडे पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहनचाचणी संस्थेच्या नावाने जे आकडे जाहिरातीत झळकतात, त्यामागची भारतीय चाचणीही एनईडीसीच्याच वळणाची आहे आणि तिचा कमाल वेग ताशी ९० च. समृद्धी महामार्गावर गाड्यांना परवानगी आहे १२० ची. त्या वेगाने शंभर किलोमीटरला २२ युनिटं धरली, तर परफॉर्मन्सची पूर्ण भरलेली बॅटरी पावणेचारशे किलोमीटरवर संपते. मुंबई-नागपूर हे ७०१ किलोमीटरचं अंतर, तेव्हा वाटेतला थांबा काही चुकत नाही.

खंडाळ्याचा घाट पुष्कळांना धास्तावतो. सव्वादोन-अडीच टनांची भरलेली गाडी सहाशे मीटर वर चढवायला चार युनिटं जास्तीची लागतात, म्हणजे बॅटरीचे पाचेक टक्के. उतरताना त्यातली बरीच परत येतात. धास्तावण्यासारखं त्यात काही नाही.

थांबा किती वेळाचा, हे मात्र गाडीपेक्षा चार्जरच ठरवतो. साडेब्याऐंशी युनिटांची बॅटरी १५० किलोवॅटपर्यंत वीज घेऊ शकते आणि तसा चार्जर मिळाला तर १० ते ८० टक्के भरायला ३७ मिनिटं लागतात. जेवण होतं तेवढ्यात. पण पुढ्यात ३० किलोवॅटचा खांब आला, तर त्याच कामाला दोन तास जातात, मग गाडी ५३ लाखांची असो की साडेपंचेचाळीस लाखांची. घरी ७ किलोवॅटवर रात्र पुरते.

बीवायडी आपल्या या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला ‘ब्लेड’ म्हणते. तिचा सेल जवळपास ९६ सेंटिमीटर लांब आणि पातळ पट्टीसारखा असतो. सीलमध्ये अशा सेलच्या खोक्याचं वरचं झाकण हीच गाडीची जमीन. त्यामुळे सांगाडा ताठ राहतो. २०२३ मध्ये युरो एनकॅपने पाच तारेही दिले. तोटा मागच्या सीटवर बसल्यावर कळतो: जमीन उंच, गुडघे वर, मांड्या अधांतरी. समोरचा १५.६ इंची पडदा आडव्याचा उभा फिरतो. दोनदा फिरवून झाला की बहुतेकांची हौस फिटते.

किमतीचं काय? बीएमडब्ल्यूची आय४ मे २०२२ मध्ये ६९ लाख ९० हजारांना आली, ती ५.७ सेकंदांत शंभर गाठणारी. तिच्या शेजारी उभी केली की सीलची प्रीमियम स्वस्तच वाटते. पण चाकणकडे पाहिलं की हिशोब उलटतो. तिथे बनणारी महिंद्राची बीई ६, ७९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह, २६ लाख ९० हजारांना बाजारात आली. ताकद २८६ पीएस, शंभरला ६.७ सेकंद, आणि ब्लेड सेल चक्क बीवायडीकडूनच घेतलेले. सील मात्र पूर्ण तयार होऊन जहाजाने येते. २०२४ मध्ये ४० हजार डॉलरच्या आतल्या अशा गाडीवर ७० टक्के सीमाशुल्क होतं; विजेच्या गाड्यांना जीएसटी पाचच टक्के असला तरी हा बोजा त्याने भरून निघत नाही.

तीन प्रकारांत निवडायची तर प्रीमियम. डायनॅमिकमध्ये साडेचार लाख वाचतात, पण एकवीस युनिटं जातात आणि शंभर गाठायला साडेसात सेकंद लागतात. एवढ्या पैशांच्या स्पोर्ट्स सेडानला ते शोभत नाही. परफॉर्मन्स घेणाऱ्याने हौसेचं समर्थन करत बसू नये, फक्त त्या सात लाख पंचेचाळीस हजारांत कागदावरची सत्तर किलोमीटरची रेंजही गेली, एवढं लक्षात ठेवावं. आणि सेडानचाच आग्रह नसेल, तर सहीआधी चाकणची गाडी एकदा चालवून यायला हरकत नाही.