बिनतारी जाळ्याचा तारेचा पाया

पुणे-सातारा मार्गावर नीरेच्या अलीकडच्या काठाला भोर तालुक्यातील सारोळे आणि पलीकडे सातारा जिल्ह्यातील शिरवळ अशी जी गावे आहेत, त्यांसारख्या गावांत फायबरची तार घरापर्यंत येऊन पोहोचली, तरी ओसरीवर उत्तम चालणारे वाय-फाय माजघरात मंदावते आणि परसातील गोठ्यापाशी पार नाहीसे होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आणि त्यावर बहुधा जो इलाज योजला जातो, तो अधिक जबर राउटर विकत आणण्याचा.

हा इलाज फसतो, याचे कारण असे की राउटर आणि मोबाइल यांचे संभाषण दुतर्फा असते, आणि राउटरचा आवाज कितीही दूर गेला तरी मोबाइलच्या क्षीण प्रक्षेपकाचे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचल्यावाचून काम तडीस जात नाही. शिवाय भिंतींचे स्वरूपही विचारात घ्यावे लागते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींची सुमारे ६ सेंटिमीटर असते; दुसऱ्या पट्ट्याचा वेग अधिक, पण काळ्या दगडाच्या रुंद जुन्या भिंतीत त्याची शक्ती लवकर क्षीण होते, आणि लोखंडी पत्रा तर दोन्ही लहरी परतवून लावतो.

एके काळी घरात रेडिओ ठेवण्यासही टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे, उलटपक्षी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ साली मर्यादित शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. तो सर्वांचा असल्यामुळे त्यात शेजाऱ्याचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचीही गर्दी होते, आणि परस्परांवर न चढणारे चॅनेल तेथे १, ६ व ११ असे तीनच मिळतात; म्हणून शेजारच्या राउटरने जे चॅनेल धरले असेल, ते सोडून दुसरे निवडावे, हे उभयतांच्या हिताचे.

विस्ताराची तजवीज करताना पहिला उपाय बिनखर्चाचा आहे: तार जेथून घरात शिरते त्याच कोपऱ्यात राउटर न ठेवता तो घराच्या मध्यभागी, उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर बसवावा. एवढ्याने न भागल्यास बाजारात मिळणारा रिपीटर मोहात पाडतो. परंतु साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि तीवरच बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि तो जेथे रेंज मुळीच नाही तेथे लावला तर त्याला पुढे पोहोचविण्यास काहीच उरत नाही. परस्परांशी स्वतंत्र पट्ट्यावर बोलणारी मेश उपकरणे ही उणीव बरीच भरून काढतात, पण त्यांची किंमत अधिक.

सर्वांत भरवशाचा मार्ग मात्र तारेचाच. पाणी पाटाने वाफ्याच्या तोंडापर्यंत नेऊन मगच सोडावे, तद्वत इथरनेटची केबल, जी साधारणपणे १०० मीटरपर्यंत चालते, दूरच्या खोलीपर्यंत न्यावी आणि तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट बसवून हवेकडे केवळ अखेरची काही पावलेच सोपवावीत. दोन्ही ठिकाणी जाळ्याचे नाव व पासवर्ड एकच ठेवला, तर घरात फिरताना मोबाइल बहुधा आपण होऊन जवळचा पॉइंट धरतो. आणि त्या पासवर्डाला डब्ल्यूपीए-२ वा डब्ल्यूपीए-३ यांचे संरक्षण असावे. गोठा वा विहिरीवरची खोली घरापासून अलग असेल, तर उघड्यावरून तांब्याची केबल नेणे वळवाच्या विजांच्या दिवसांत धोक्याचे. तेथे धातूचा दोर नसलेले फायबर न्यावे, कारण काच वीज वाहून नेत नाही. बरेचसे राउटर १२ व्होल्टवर चालत असल्याने वीज गेली असता लहानशा यूपीएसवरही ते काही तास तग धरतात, मात्र फायबरच्या डब्यालाही त्याच यूपीएसचा आधार द्यावयास विसरू नये.

तात्पर्य, दुकानदाराला या राउटरची रेंज किती असे विचारण्याआधी, आपल्या घरात तार कोठवर नेता येईल हे टेपने मोजून पाहावे; पुष्कळदा त्या मोजमापानेच खरेदीची यादी निम्मी होते.