पुस्तकाचा पत्ता



दहावीची परीक्षा पास झाल्यावर तुमच्यापैकी बरेच जण कॉलेजात जातील. तेथे अनेक गोष्टी नव्या असतील. शाळेत तुम्ही बहुतेक विषय उर्दूतून शिकता. कॉलेजात मात्र शिकवणे बहुधा इंग्रजीतून किंवा मराठीतून चालते. शाळेत एका विषयाचे एकच पाठ्यपुस्तक असते. कॉलेजात प्राध्यापक तीन-चार पुस्तकांची नावे फळ्यावर लिहून देतात. ती सगळी विकत घेणे प्रत्येकाला परवडत नाही. शिवाय पुष्कळ घरांत एकाच खोलीत सारे कुटुंब राहते. तेथे शांतपणे बसून वाचायला जागा मिळत नाही.

या अडचणींवर एक उपाय कॉलेजच्या इमारतीतच असतो. तो म्हणजे ग्रंथालय, म्हणजेच तुमचे कुतुबखाना. तेथे पुस्तके असतात, वृत्तपत्रे असतात, टेबल-खुर्ची आणि पंखा असतो. तरीही कितीतरी विद्यार्थी त्याच्या दारातूनच परत जातात. आत गेल्यावर काय मागावे आणि कसे मागावे, हे त्यांना ठाऊक नसते. ते आज आपण समजून घेऊ.

ग्रंथालयाचे साधारणपणे तीन भाग असतात. पहिला देवघेव विभाग. येथे ओळखपत्र किंवा ग्रंथालयाचे कार्ड दाखवून पुस्तक घरी नेता येते. ठरलेल्या तारखेला ते परत करावे लागते. उशीर झाला तर दंड पडतो. दुसरा संदर्भ विभाग. येथे शब्दकोश, विश्वकोश, नकाशे असे मोठे ग्रंथ असतात. ते तेथेच बसून पाहायचे असतात. तिसरा वाचनकक्ष. येथे वृत्तपत्रे आणि मासिके ठेवलेली असतात. काही कॉलेजांत 'बुक बँक' योजनाही असते. तिच्यात गरजू विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके वर्षभरासाठी मिळतात. प्रवेश घेतल्यावर लगेच या योजनेची चौकशी करावी, कारण पुस्तके मोजकीच असतात.

आता मुख्य प्रश्न. हजारो पुस्तकांतून आपल्याला हवे ते पुस्तक कसे सापडते?

गावात घर शोधताना आपण पत्ता पाहतो. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकालाही पत्ता असतो. तो अंकांत लिहिलेला असून पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला असतो. ही पद्धत मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केली. त्याने सर्व ज्ञानाचे दहा मोठे वर्ग केले. ३०० पासून समाजशास्त्रे, ४०० पासून भाषा, ५०० पासून विज्ञान, ६०० पासून तंत्रविद्या, ८०० पासून साहित्य आणि ९०० पासून इतिहास-भूगोल, अशी ती रचना आहे. प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा भाग होतात. म्हणून गणित ५१० मध्ये, पदार्थविज्ञान ५३० मध्ये आणि रसायनशास्त्र ५४० मध्ये मिळते. उर्दू साहित्य ८९१.४३९ या क्रमांकावर असते आणि मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकावर. म्हणजे या पद्धतीत या दोन्ही भाषा जवळजवळ शेजारीच राहतात.

एक उदाहरण घेऊ. मालेगाव आणि भिवंडी ही यंत्रमागांची शहरे आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. समजा, प्राध्यापकांनी तुम्हाला कापड धंद्यावर निबंध लिहायला सांगितला. तर काय कराल?

प्रथम संदर्भ विभागात जा. तेथे मराठी विश्वकोश मागा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे या विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक होते. त्यातील नोंदी अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. 'कापूस' ही नोंद वाचली, तरी विषयाची तोंडओळख होते. एखादा शब्द अडला, तर श्रीपाद जोशी यांनी तयार केलेला उर्दू-मराठी शब्दकोश ग्रंथालयात आहे का, ते विचारा.

यानंतर तालिका पाहा. तालिका म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांची यादी. पूर्वी ती लहान लहान कार्डांवर लिहून लाकडी खणांत ठेवत. आता पुष्कळ ठिकाणी ती संगणकावर असते. लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव किंवा विषय, यांपैकी एक गोष्ट माहीत असली तरी पुरते. कापडाचा क्रमांक ६७७ आहे. त्यात सुती कापडाचा क्रमांक ६७७.२१ आणि लोकरीचा ६७७.३१ आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे अंक दशांश अपूर्णांकासारखे वाचायचे असतात. म्हणून ६७७.२१ हे पुस्तक ६७७.३ च्या आधी असते. २१ हा आकडा ३ पेक्षा मोठा आहे, असे समजून पुढे शोधत गेलात, तर पुस्तक सापडणार नाही.

काही ग्रंथालयांत कपाटांपर्यंत जाता येते. काही ठिकाणी मात्र खिडकीवर चिठ्ठी द्यावी लागते. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव, लेखक आणि क्रमांक नीट लिहा. क्रमांक लिहिला नाही, तर शोधणाऱ्याचा आणि तुमचाही वेळ जातो. पुस्तक हाती आल्यावर ते सगळे वाचण्याची गरज नाही. सुरुवातीची अनुक्रमणिका आणि शेवटची सूची पाहून हवी ती पाने काढा.

पण सुताचा भाव या महिन्यात का वाढला, हे पुस्तकात मिळणार नाही. पुस्तक छापायला वेळ लागतो. ताज्या माहितीसाठी वाचनकक्षात वृत्तपत्रे पाहावी लागतात. एकाच वृत्तपत्रावर विसंबू नका. दोन वृत्तपत्रांत आकडे वेगळे असतील, तर दोन्ही लिहून घ्या आणि पुढे वृत्तपत्राचे नाव व तारीख टाका. तारीख नसलेली बातमी निबंधात कामाची नसते.

तुम्ही ज्याला अखबार म्हणता, त्याचा इतिहास उर्दूत आणि मराठीत जवळपास एकाच काळी सुरू झाला. 'जाम-ए-जहाँनुमा' हे उर्दूतील पहिले वृत्तपत्र मानले जाते. ते १८२२ साली कोलकात्यात निघाले. पुढे १८३२ साली ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापलेला असे. तुम्हीही हाच मार्ग धरा. एखादी बातमी आधी उर्दू वृत्तपत्रात वाचा आणि मग तीच मराठीत वाचा. अर्थ आधीच कळलेला असल्यामुळे मराठी वाक्य सोपे जाते.

वाचनकक्षाजवळ सूचना-फलकही असतो. त्याच्याकडे रोज एकदा तरी पाहा. त्यावर शिष्यवृत्तीच्या, स्पर्धापरीक्षांच्या आणि प्रवेशाच्या बातम्यांची कात्रणे लावलेली असतात. शिष्यवृत्ती म्हणजे वजीफा. फलकावरचे मराठी पाहून घाबरू नका. 'अर्ज दाखल करण्याची अखेरची तारीख' हे शब्द वाचून पाहा. यातले अर्ज, दाखल, अखेर आणि तारीख हे चारही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ते अरबी-फारसीतून मराठीत आले आणि येथेच राहिले. ही एक ओळ वेळेवर वाचली, तर वर्षभराची फी सुटू शकते. उशिरा वाचली, तर हक्काचे पैसेही हातचे जातात.

आता इंटरनेटवरही पुष्कळ साहित्य मिळते. मराठी विश्वकोश तेथे मोफत वाचता येतो. खडगपूरच्या आयआयटीने विकसित केलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात अनेक भाषांतील साहित्य आहे. मग ग्रंथालयात कशाला जायचे, असे तुम्ही विचाराल. मोबाइल शेकडो उत्तरे दाखवतो. पण तुमच्या निबंधाला त्यांतले कोणते उपयोगी, हे ओळखायला अनुभव लागतो. तो अनुभव ग्रंथपालांकडे असतो.

भारतातील ग्रंथपालांना ही दृष्टी देणारे थोर गृहस्थ म्हणजे डॉ. एस. आर. रंगनाथन. ते मुळात गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत ग्रंथरूपाने मांडले. युरोपात एके काळी पुस्तके चोरीला जाऊ नयेत म्हणून साखळीने बांधून ठेवत. रंगनाथन यांची शिकवण याच्या उलट होती. पुस्तक नुसते जपून ठेवण्यात अर्थ नाही. ते योग्य वाचकाच्या हाती पडले पाहिजे आणि त्यासाठी वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, असे ते सांगत. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

म्हणून ग्रंथपालांना प्रश्न विचारताना संकोच करू नका. प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्यांना त्रास देत नसतो. त्याला मदत करणे हेच त्यांचे काम असते.

कॉलेजात जाईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळते. असे एखादे ग्रंथालय तुमच्या गावात किंवा मोहल्ल्याजवळ आहे का, याची चौकशी करा. तेथे बालभारतीचे 'किशोर' मासिक येते का, ते पाहा. आपल्या शाळेच्या कपाटातील पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक आहेत का, तेही पाहा. नसतील तर शिक्षकांच्या मदतीने ते लावता येतील.

आणि पहिल्या दिवशी ग्रंथालयात गेल्यावर काय बोलावे, हे सुचले नाही, तर एवढेच म्हणा : "सर, मला या विषयाची माहिती हवी आहे. ती कोठे पाहू?" बोलताना अडखळलात तरी चालेल. हे एक वाक्य आजच पाठ करून ठेवा.