कार्ड खेळाचे की कामाचे?

मोमीनपुऱ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड मागतो आहे. दिवसा त्याच संगणकावर पत्रिका तयार होतात, रात्री खेळ चालतो. आम्ही सोबत सीताबर्डीला गेलो. दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली, एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०७० टीआय आणि एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी. दोन्ही २०२५ सालची, दोहोंत १६ जीबी मेमरी, वीजही सारखीच, ३०० वॅटच्या आसपास. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत मात्र ७४९ आणि ५९९ डॉलर.

निव्वळ खेळायचे तर आमचे मत एएमडीला. रे ट्रेसिंगमध्ये एनव्हिडिया पुढे जाते, एरवी फरक थोडा. पण थ्रीडी नक्षीकाम करायचे असेल तर बरीच सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडावर अधिक चांगली चालतात. तिथे जादा पैसे वसूल होतात. नुसत्या पत्रिकांना, खरे सांगायचे तर, दोहोंपैकी एकाचीही गरज नाही.

दोन्ही कंपन्या ७५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवतात. जुना ४५० वॅटचा असेल तर तो खर्च आधी धरावा. आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर गेला तरी यंत्र कूलरच्या झोतासमोर ठेवू नये, ओल आत शिरते.

बिल पक्के घ्यावे. १८ टक्के जीएसटीची वजावट धंद्याच्या वापरापुरतीच मिळते; मुलाच्या खेळाचा कर दुकानाच्या खात्यात घालणे कायद्यात बसत नाही, हलाल कमाईतही नाही.

व्याज नको म्हणून स्नेह्यांनी हप्त्यांचा कागद परत केला. रक्कम जमेपर्यंत थांबायचे ठरले आहे. मुलगा रुसला आहे.