टायटन बुडाली तेव्हा लोक कशावर हसत होते

नेमकं काय घडलं

१८ जून २०२३, रविवारची सकाळ. कॅनडातल्या सेंट जॉन्स बंदरातून आलेल्या 'पोलर प्रिन्स' या जहाजाने उत्तर अटलांटिकमध्ये 'टायटन' ही छोटी पाणबुडी पाण्यात सोडली. पाणबुडी म्हटलं तरी ती आपली आपण बंदरातून निघून परत येऊ शकत नव्हती. जहाजाने न्यायचं, सोडायचं आणि वर आली की उचलून घ्यायचं, अशी तिची रीत. प्रवाशांना आत बसवलं की झाकण बाहेरून बोल्टांनी आवळलं जाई. खाली सुमारे ३,८०० मीटरवर टायटॅनिकचे अवशेष आहेत. ते पाहायला माणशी अडीच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन कोटी रुपये.

आत पाच जण होते. 'ओशनगेट' कंपनीचा प्रमुख स्टॉकटन रश स्वतः पाणबुडी चालवत होता. सोबत टायटॅनिकचे जुने जाणकार फ्रेंच संशोधक पॉल-आंरी नार्जोले, दुबईत राहणारा ब्रिटिश उद्योजक हेमिश हार्डिंग, पाकिस्तानातल्या बड्या उद्योग घराण्यातले शाहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा सुलेमान. खाली जायला लागून पावणेदोन तास झाले आणि संपर्क तुटला. गुरुवारी, २२ जूनला, समुद्रतळावर उतरवलेल्या यंत्रमानवाला टायटॅनिकच्या नाळेपासून साधारण पाचशे मीटरवर टायटनचे तुकडे सापडले. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने पाणबुडी आतल्या आत चिरडली गेली होती. हे सगळं सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात होतं. आतल्यांना काही कळण्याइतकाही वेळ मिळाला नसणार.

पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट विसरू नये. त्या चार दिवसांत जगाने प्रार्थना केल्या, विनोद केले, संताप व्यक्त केला, तेव्हा ती घटना केव्हाच संपलेली होती.

शहाण्णव तासांचं घड्याळ

टायटनमध्ये पाच जणांना ९६ तास पुरेल इतका प्राणवायू असतो, असं सोमवारी जाहीर झालं आणि बातमीचं रूपच बदललं. अपघाताची बातमी एरवी झालेल्या गोष्टीची असते. इथे ती चालू गोष्टीची झाली. वाहिन्यांच्या पडद्यांवर उरलेले तास उलटे मोजले जाऊ लागले. आपल्याकडच्या वाहिन्यांनीही काही कसर ठेवली नाही. त्यात कॅनडाच्या विमानाने टाकलेल्या ध्वनिग्राहकांना ठराविक वेळाने ठोकल्यासारखे आवाज ऐकू आल्याची बातमी आली. मग तर कोणी आतून भिंत ठोकतंय हे चित्र घराघरांत पोचलं. त्या आवाजांचा टायटनशी काही संबंध नव्हता, हे नंतर स्पष्ट झालं.

दरम्यान अमेरिकी नौदलाच्या पाण्याखालच्या यंत्रणेने रविवारीच, संपर्क तुटला त्या सुमाराला, चिरडण्याशी जुळणारा आवाज टिपला होता. शोध घेणाऱ्या तटरक्षक दलाला तो कळवलाही होता. आवाज निर्णायक नव्हता, म्हणून शोध थांबवायचा नाही असं ठरलं. ते बरोबरच होतं. नुसत्या आवाजावर विसंबून पाच माणसांना मेलेलं समजणं कुठल्याच बचाव दलाला परवडणारं नाही. पण लोकांना हे कळलं थेट गुरुवारी, आणि 'मग आम्हाला चार दिवस झुलवत का ठेवलं' असा सूर उमटला. चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन स्वतः टायटॅनिकपर्यंत तेहतीस वेळा जाऊन आलेले. आपल्याला ओळखीच्या जाणकारांकडून सोमवारीच अंदाज आला होता, असं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं.

माझ्या मते त्या आठवड्याच्या साऱ्या प्रतिक्रियेचं मूळ या घड्याळात आहे. अपघात झाला, माणसं गेली, अशी बातमी रविवारी रात्रीच आली असती तर दोन दिवस हळहळ झाली असती आणि विषय संपला असता. घड्याळामुळे प्रेक्षक जमले. आणि जमलेल्या प्रेक्षकांना करायला काहीच नव्हतं.

विनोदांचा पूर

रिकाम्या बसलेल्यांना एक जुनी चित्रफीत सापडली. अमेरिकी वार्ताहर डेव्हिड पोग यांनी २०२२ साली टायटनवर एक वृत्तांत केला होता. त्यात रश हसत हसत दाखवतो की ही पाणबुडी व्हिडिओ गेमच्या साध्या रिमोटने चालते. काही हजारांत मिळणारा, कुठल्याही दुकानातला. दोन कोटींचं तिकीट आणि खेळण्यातला रिमोट! याहून सोपा विनोद कुठला? त्या कंट्रोलरच्या विक्रीच्या पानावर लोक खोटे अभिप्राय लिहू लागले. त्याच सुमाराला स्पेनच्या किनाऱ्याजवळ ओर्का देवमासे शिडाच्या बोटींना धडका देत होते, तर 'समुद्राने श्रीमंतांविरुद्ध बंड पुकारलं' अशीही चित्रं फिरली.

हसणाऱ्यांना निर्दय म्हणून मोकळं होता येईल, पण तेवढ्याने भागत नाही. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो, आणि म्हणताना कौतुकाबरोबर थोडं नाकही मुरडतो. इथे हौस होती ती दीड हजार माणसांच्या जलसमाधीचं दर्शन घेण्याची. सही करायच्या कागदाच्या पहिल्याच पानावर मृत्यूचा उल्लेख तीनदा येतो, असं पूर्वी जाऊन आलेल्या एकाने सांगितलं होतं. आणि सुरक्षिततेचा अतिरेक म्हणजे निव्वळ नासाडी, या अर्थाचं रशचं बोलणं मुलाखतीत नोंदलेलं होतं. महागाई, करोनानंतरची ओढाताण आणि अब्जाधीशांच्या अंतराळ सहली हे सगळं लोकांच्या डोक्यात ताजं होतं. राग आधीपासून होता, त्याला निमित्त मिळालं.

फक्त तो राग चुकीच्या वस्तूवर निघाला. तसेच रिमोट अमेरिकी नौदलाच्या व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुड्यांवरही आहेत. तिथे त्यांनी पेरिस्कोपची जागा घेतलेले कॅमेरे फिरवतात. स्वस्त आहेत, तरुण खलाशांच्या हाताला सवयीचे आहेत, बिघडले तर लगेच बदलता येतात. टायटन रिमोटमुळे बुडाली नाही.

मग दोष कशात होता

इतक्या खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास ३८० किलोचा भार येतो. म्हणून खोल जाणाऱ्या पाणबुड्यांत माणसं बसतात तो भाग सहसा गोल असतो आणि पोलादाचा किंवा टायटॅनियमचा असतो. गोलावर दाब सगळीकडून सारखा पडतो. रशला पाच माणसं बसवायची होती आणि वजन कमी ठेवायचं होतं. म्हणून त्याने पाच इंच जाडीचा नळकांडीच्या आकाराचा भाग कार्बन फायबरचा केला आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमच्या वाट्या बसवल्या. विमानात कार्बन फायबर उत्तम चालतं, कारण तिथे हवा आतून बाहेर ढकलते आणि धागे ताणले जातात. समुद्रात ते उलट दाबले जातात. दोरी ओढली तर टिकते, ढकलली तर दुमडते, तशातली गत. शिवाय हे कवच थरांचं असतं. प्रत्येक खेपेला थरांमध्ये बारीक फटी पडत जातात आणि त्या वरून दिसत नाहीत.

हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. ओशनगेटचाच सागरी विभागप्रमुख डेव्हिड लॉकरिज याने २०१८ मध्ये लेखी आक्षेप घेतले. कवचाची नीट तपासणी झालेली नाही आणि समोरच्या खिडकीला निर्मात्याची हमी १,३०० मीटरपर्यंतचीच आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला नोकरीवरून काढलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीन डझनांहून जास्त जाणकारांनी रशला पत्र लिहून बजावलं की स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणपत्र घ्या. त्याने घेतलं नाही. टायटन आंतरराष्ट्रीय पाण्यात उतरत असल्याने सक्ती करायला कोणी नव्हतं. पैसे भरून येणाऱ्यांना तो प्रवासी म्हणत नसे, 'मोहीम तज्ज्ञ' म्हणे, म्हणजे प्रवासी बोटींचे नियम लागू व्हायला नकोत.

त्याच आठवड्यातली दुसरी बोट

टायटनच्या चारच दिवस आधी, १४ जूनच्या पहाटे, ग्रीसच्या पायलोसजवळ 'अद्रियाना' नावाची मासेमारी बोट उलटली होती. लिबियाच्या तोब्रुकहून इटलीकडे निघालेली. तिच्यावर साडेसातशेच्या आसपास माणसं असावीत असा अंदाज आहे. पाकिस्तानी, इजिप्शियन, सीरियन, पॅलेस्टिनी. वाचले १०४. मृतदेह मिळाले ८२. बाकीचे बोटीबरोबर गेले. वाचलेल्यांत एकही स्त्री नव्हती. बायका-मुलं खालच्या कप्प्यात होती.

तुलना होणं अटळ होतं आणि त्या आठवड्यातली ती सर्वात सच्ची प्रतिक्रिया होती. बराक ओबामा तेव्हा अथेन्समध्ये होते. एका पाणबुडीची मिनिटामिनिटाची बातमी होते आणि सातशे बुडालेल्यांकडे तेवढं लक्ष जात नाही, हे त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं. पाकिस्तानात ही तुलना परकी नव्हती. दाऊद पितापुत्र कराचीचे, आणि अद्रियानावर साडेतीनशे पाकिस्तानी असल्याचं तिथल्या गृहमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं होतं. सरकारने १९ जूनला राष्ट्रीय दुखवटा पाळला तो अद्रियानासाठी. जगाच्या बातम्यांत त्या दिवशी टायटन होती.

या तुलनेत एक गफलत मात्र हमखास होते. 'पाच श्रीमंतांसाठी विमानं-जहाजं धावली, गरिबांसाठी नाही' असं म्हणताना रोख शोधावरच्या खर्चाकडे जातो. अमेरिकी तटरक्षक दल समुद्रातल्या बचावाचे पैसे कोणाकडूनच घेत नाही, कोळी असो की अब्जाधीश, आणि ते तसंच असायला हवं. प्रश्न ग्रीसच्या बाजूने विचारायचा आहे. अद्रियाना आदल्या दिवशीच युरोपीय सीमा यंत्रणेच्या विमानाला दिसली होती. ग्रीक तटरक्षकांचं जहाज ती उलटली तेव्हा जवळच होतं. बोटीवरच्यांनी मदत नाकारली, असं ग्रीक अधिकारी सांगतात. दोर बांधून ओढल्याने बोट उलटली, असं वाचलेले सांगतात. टायटनच्या बाबतीत कोणाला वाचवणं शक्यच नव्हतं आणि सगळे धावले. अद्रियानाच्या बाबतीत कित्येक तास हाताशी होते.

अफवा

गुरुवारनंतर आणखी एक लाट आली. टायटन आणि जहाज यांच्यातल्या शेवटच्या संदेशांची म्हणून एक लांबलचक नोंद पसरली. तिच्यात आतली माणसं संकट ओळखून जिवाच्या आकांताने वर यायला धडपडताना दिसत होती. ती सगळी बनावट निघाली. खरा शेवटचा संदेश रुक्ष होता: दोन वजनं सोडली. तळ जवळ आला की वेग कमी करायला वजनं सोडणं हा नेहमीचा भाग. टायटन तेव्हा ३,३०० मीटरच्या पुढे होती. काही सेकंदांत सगळं संपलं.

सुलेमानबद्दलची गोष्ट तर अजूनही सांगितली जाते. मुलगा घाबरला होता, केवळ वडिलांचं मन राखायला गेला, असं एका नातेवाईक बाईंनी म्हटलं. आईचं सांगणं वेगळं होतं. ती जागा मुळात तिची होती, पण मुलाला जायचंच होतं म्हणून तिने ती सोडली. समुद्राच्या तळाशी रुबिक क्यूब सोडवायचा म्हणून तो क्यूब घेऊन गेला होता. भेदरलेल्या मुलाची गोष्ट लोकांना जास्त पटली, कारण तिच्यात बापाला दोष देता येत होता.

'पाच अब्जाधीश' हेही खरं नाही. नार्जोले फ्रेंच नौदलातून आलेले. १९८७ मध्ये 'नॉटील' या पाणबुडीतून टायटॅनिकवर गेलेल्या मोहिमेत ते होते. वयाच्या ७७व्या वर्षी ते जाणकार म्हणून टायटनमध्ये बसले. हार्डिंगचं नाव आपल्याकडे आधी ऐकू यायला हवं होतं: सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते ग्वाल्हेरला आणणारं विमान त्याच्या कंपनीने पुरवलं होतं.

चौकशी आणि नंतर

अमेरिकी तटरक्षक दलाने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर सुनावणी घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तीनशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. अपघात टाळता येण्यासारखा होता, असं त्यात सरळ म्हटलं आहे. २०२२च्या एका खेपेत वर येताना मोठा आवाज झाला होता, तेव्हाच कवचाचे थर सुटायला लागले होते. तरी टायटन त्या हिवाळ्यात सेंट जॉन्सला उघड्यावर पडून राहिली आणि उन्हाळ्यात पुन्हा माणसं घेऊन निघाली. तक्रार करणाऱ्यांना नोकरीची भीती घातली जाई, हेही अहवालात आहे. या अहवालावर मीम फारशी झाली नाहीत.

२७ मार्च २०२५ रोजी इजिप्तच्या हुरघाडाजवळ 'सिंदबाद' ही पर्यटकांची पाणबुडी बुडाली. प्रवाळ पाहायला थोड्या खोलीवर नेणारी, सामान्य पर्यटकांच्या खिशाला परवडणारी. सहा रशियन पर्यटक गेले. वाचलेल्यांत भारतीयही होते. कोणी हसलं नाही. पण बातमी दोन दिवसही टिकली नाही.

आपल्या सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका बुडवून तिच्याभोवती पाणबुडी पर्यटन सुरू करायची योजना आहे. तिथली खोली टायटॅनिकच्या मानाने काहीच नाही, त्यामुळे कवच चिरडण्याची भीती नाही. सिंदबादसारखं थोड्या खोलीवरच बुडण्याचा धोका मात्र तिथेही राहील. म्हणून तिकीट काढण्याआधी विचारायचं ते एवढंच: बोटीला प्रमाणपत्र कोणत्या स्वतंत्र संस्थेचं आहे, ते किती वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं, आणि झाकण आतून उघडतं का.