ब्रेक नसलेल्या गाडीवरचे दोन भाऊ

इंदापूर तालुक्यात कळंबजवळ शेठ वालचंद हिराचंदांनी वसवलेले वालचंदनगर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना उसाने लादलेल्या बैलगाड्या आठवत असतील. उतार लागला की गाडीवान आधी कासरा आवळतो. आता अशी गाडी कल्पा, की जिला आवळायला कासराच नाही! १९३०च्या दशकात त्या माळावर साखर कारखाना उभा राहत होता, त्याच सुमारास लंडनकर संध्याकाळी हजारोंनी लोटत, ते असल्या गाड्यांची शर्यत पाहायला. तिचे नाव स्पीडवे.

गाडी म्हणजे ५०० सी.सी.ची मोटारसायकल. तिला गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाहीत. चार स्वार, चार फेऱ्या. वळण आले की मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरू द्यायचे आणि पोलादी तळ बसवलेला डावा पाय जमिनीला टेकवून तोल सांभाळायचा. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. चौथ्याच्या वाट्याला नुसती धूळ.

ह्या खेळात कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचे दोन सख्खे भाऊ उतरले. थोरला जॅक मिल्न, धाकटा कॉर्डी. लंडनमध्ये जॅक न्यू क्रॉस संघाकडून धावे, कॉर्डी हॅकनी विककडून. म्हणजे घर एक आणि संघ दोन!

२ सप्टेंबर १९३७ रोजी वेंब्लीवर जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी झाली. सोळा स्वार, प्रत्येकाच्या पाच शर्यती. आखणी अशी, की प्रत्येकाची गाठ दुसऱ्या प्रत्येकाशी एकदा पडावी. जॅकने पाचही जिंकल्या. तेव्हा त्यांतल्या एकीत त्याने पाठच्या भावालाही मागे टाकले, हे ओघानेच आले. दुसरा आला त्यांचाच देशबंधू विल्बर लॅमोरो, तिसरा कॉर्डी. अशा वेळी आईने आधी कोणाची पाठ थोपटावी?

पुढच्या वर्षी जॅक दुसरा आला. १९३९ मध्ये मात्र पाळी धाकट्याची होती. तेव्हा आधीच्या फेऱ्यांतले गुण अंतिम फेरीत धरले जात, आणि आठ गुण मिळवून कॉर्डी सर्वांच्या एका गुणाने पुढे होता. एका गुणाने अजिंक्यपद मिळत नाही, हे खरे. पण ते मिळवण्याची संधी तरी हवी! अंतिम फेरी ७ सप्टेंबरला व्हायची होती. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले. ती फेरी झालीच नाही. अजिंक्यपदाची स्पर्धा पुन्हा भरली ती १९४९ मध्ये.

जॅकने पुढे पॅसाडेनात मोटारसायकलींचा धंदा केला, आणि १९६९ मध्ये हॅरी ऑक्सली यांच्यासह कोस्टा मेसा येथे स्पीडवेचे मैदान सुरू केले. अमेरिकेला दुसरा जगज्जेता लाभला तो चव्वेचाळीस वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच वेंब्लीवर: ब्रूस पेनहॉल, कॅलिफोर्नियाचाच. जॅक तेव्हा हयात होता. कॉर्डी १९७८ मध्येच वारला होता.